शोभिवंत वृक्ष

शोभिवंत वृक्ष : फुलांचा बहर, पानांची घनता व रंग, खोडाची आणि फांद्यांची ठेवण, सुगंध किंवा सावली यांसाठी बागेत, अंगणात, रस्त्याच्या कडेला अथवा सार्वजनिक जागेत मुद्दाम लावलेल्या वृक्षांना शोभिवंत वृक्ष म्हणतात. फळ, लाकूड, गोंद, औषध इ. उत्पन्न हा त्यांच्या लागवडीचा मुख्य हेतू नसतो. तथापि ही सीमारेषा काटेकोर नाही. जांभूळ व आंबा ही फळझाडे असूनही सावलीसाठी लावली जातात, तर बकुळ आणि सोनचाफा यांची फुले बाजारात विकली जातात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या वृक्षांचा एक असा गट नाही. त्यांत शिंबावंत कुलातील (लेग्युमिनोजी) वृक्षांचा भरणा मोठा असला, तरी टेटू कुल (बिग्नोनिएसी), मेंदी कुल (लिथ्रेसी), मधूक कुल (सॅपोटेसी) इ. कुलांतील वृक्षही आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील बागांसाठी अशा वृक्षांची निवड कशी करावी, याचे विवेचन केले आहे.

बागेतील इतर वनस्पतींची निवड आणि वृक्षाची निवड यांत एक मूलभूत फरक आहे. हंगामी फुलझाड चुकीचे निघाले, तर पुढील हंगामात ते बदलता येते. झुडूप उपटून दुसरीकडे लावता येते. वृक्षाच्या निवडीतील चूक मात्र तो पूर्ण वाढीला येऊ लागल्यावर, म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी ध्यानात येते आणि तोवर ती दुरुस्त करण्याची वेळ टळून गेलेली असते. महाराष्ट्राच्या नागरी भागात तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; २०२१ मधील दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसा म्हणून विशेष संरक्षण दिले आहे. हा निर्बंध योग्यच आहे. पण त्यामुळे झाड लावतानाच पुरेसा विचार करणे अधिक निकडीचे ठरते. रोपवाटिकेत मीटरभर उंचीची सर्व रोपे जवळजवळ सारखीच दिसतात आणि ग्राहकाची निवड बहुधा फुलाच्या रंगीत चित्रावरून होते, हे बहुतेक चुकांचे मूळ होय.

इतिहास : भारतात शोभेसाठी वृक्ष लावण्याची परंपरा प्राचीन आहे. संस्कृत काव्यनाटकांतील प्रमदवनांत अशोक, बकुळ, चंपक, कदंब हे वृक्ष वारंवार भेटतात. तरुणीच्या पदस्पर्शाने अशोक आणि तिने तोंडातून टाकलेल्या मद्याच्या चुळीने बकुळ फुलतो, हा ‘दोहद’ नावाचा कविसंकेत प्रसिद्ध असून कालिदासाच्या मालविकाग्निमित्र या नाटकात अशोकाच्या दोहदाचा प्रसंग आहे. अधिक व्यावहारिक उल्लेख वराहमिहिराच्या (सहावे शतक) बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात आढळतो. दोन वृक्षांमध्ये २० हात (सु. ९ मी.) अंतर उत्तम, १६ हात मध्यम व १२ हात किमान असे तेथे सांगितले असून, एकमेकांना भिडलेले आणि मुळे एकमेकांत गुंतलेले वृक्ष नीट फळत नाहीत, असे त्याचे कारणही दिले आहे. आजच्या गृहरचना संस्थांच्या आवारात दोन-दोन मीटरांवर लावलेले गुलमोहर पाहिले असता हे दीड हजार वर्षांपूर्वीचे प्रमाण किती विचारपूर्वक ठरविले होते, ते कळते.

एकोणिसाव्या शतकात परदेशी शोभिवंत वृक्षांची मोठ्या प्रमाणावर आयात झाली. मुंबईतील भायखळ्याचा राणीचा बाग (१८६२, सध्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) आणि पुण्यातील एम्प्रेस उद्यान ही पश्चिम भारतातील अशा वृक्षांची महत्त्वाची केंद्रे होत. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नाथॅन्येल वॉलिक यांना १८२६ च्या सुमारास ब्रह्मदेशात मार्ताबानजवळ आढळलेला उर्वशी (ॲम्हर्स्टिया नोबिलिस) हा अत्यंत देखणा वृक्ष राणीच्या बागेत पाहावयास मिळतो. लाल-पिवळ्या फुलांचे त्याचे लोंबते घोस झुंबराप्रमाणे दिसतात. मात्र त्याला दमट, उबदार हवा लागते, बी क्वचितच धरते व त्याची अभिवृद्धी दाब कलमाने करावी लागते; त्यामुळे तो उद्यानांपुरताच राहिला. याउलट मादागास्करचा गुलमोहर (डेलोनिक्स रेजिया) गावोगावी पसरला. बियांपासून सहज येणारा, पाच-सहा वर्षांत फुलणारा हा वृक्ष इतका रुळला की, त्याच्याच नावावरून नीलमोहर व सोनमोहर ही नावे घडविली गेली आणि तो परदेशी आहे, याचा बहुतेकांना विसर पडला.

पर्णसंभार व सावली : बागेसाठी वृक्ष निवडताना फुलांचा विचार प्रथम केला जातो, वस्तुतः तो पानांच्या विचारानंतर यावयास हवा. बहुतेक वृक्षांचा बहर तीन ते सहा आठवडे टिकतो, पाने मात्र आठ ते बारा महिने असतात. म्हणून वृक्ष कोणत्या महिन्यांत निष्पर्ण असतो, हा पहिला प्रश्न होय. या बाबतीत यूरोपीय उद्यानविषयक ग्रंथांतील एक सल्ला आपल्याकडे फसवा ठरतो. घराच्या दक्षिणेस पानझडी वृक्ष लावावा, म्हणजे उन्हाळ्यात सावली व हिवाळ्यात ऊन मिळते, असे ते ग्रंथ सांगतात. समशीतोष्ण प्रदेशात वृक्ष थंडीमुळे पाने गाळतात, तेथे हे बरोबर आहे. महाराष्ट्रातील पानझडी वृक्ष थंडीमुळे नव्हे, तर कोरड्या ऋतूत पाणी वाचविण्यासाठी पाने टाकतात. त्यामुळे सावर, पांगारा व पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये बोडके असतात, बहावा मार्च-एप्रिलमध्ये पाने गाळतो आणि गुलमोहराची पालवी बहरासोबत किंवा त्यानंतर येते. सावलीची गरज सर्वांत अधिक असते, नेमके तेव्हाच हे वृक्ष ती देऊ शकत नाहीत. घराच्या पश्चिमेस दुपारचे ऊन अडविण्यासाठी गुलमोहर लावणाऱ्यास एप्रिलमध्ये फुले दिसतात, पण भिंत तापावयाची ती तापतेच.

उन्हाळी सावलीसाठी योग्य वृक्षांचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार बारमाही हिरव्या वृक्षांचा : बकुळ (मिम्युसॉप्स एलेंगी), पुत्रंजीव, जांभूळ व कोकणात सुरंगी हे त्यांपैकी होत. दुसऱ्या प्रकारचे वृक्ष पाने गाळतात; परंतु जुनी पाने गळणे व नवी फुटणे यांत फार थोडे दिवस जातात. कडुनिंब मार्चच्या सुमारास आणि करंज (पोंगॅमिया पिनॅटा) एप्रिलमध्ये नव्या पालवीने भरून जातो. करंजाची ती पोपटी, तकतकीत पालवी कोणत्याही फुलापेक्षा कमी शोभिवंत नसते. कुसुंबाची (श्लायखेरा ओलिओजा) नवी पालवी तर गडद लाल असते व फेब्रुवारी-मार्चमध्ये दुरून तो वृक्ष फुलल्याचाच भास होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवी दिल्ली वसविताना रस्त्यांसाठी जांभूळ, कडुनिंब, अर्जुन यांसारखे वृक्ष निवडले गेले, ते भडक फुलांसाठी नव्हे, तर बहुतांश वर्ष टिकणाऱ्या पर्णसंभारासाठी. राजपथाच्या (२०२२ पासून कर्तव्यपथ) दुतर्फा असलेल्या जांभळांच्या रांगा हे त्याचे परिचित उदाहरण होय. पावसाळ्याच्या तोंडाला पडणाऱ्या फळांनी पदपथ निसरडे होतात, ही त्या निवडीची दुसरी बाजू.

आकार, मुळे व लाकूड : दुसरा प्रश्न पूर्ण वाढलेल्या वृक्षाच्या विस्ताराचा. पर्जन्यवृक्ष किंवा विलायती शिरीष (समानिया सामान) या मध्य व दक्षिण अमेरिकेतील वृक्षाचा माथा छत्रीसारखा पसरून त्याचा व्यास ३० मी. पर्यंत जाऊ शकतो. विस्तीर्ण मैदानाच्या कडेला तो भव्य दिसतो, बंगल्याच्या आवारात तो लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या छपरावर आक्रमण होय. सावर (बॉम्बॅक्स सेइबा) २५ मी. हून उंच होते व तिच्या बुंध्याला आधारमुळांचे रुंद पाखे फुटतात. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे ओलावा शोधत गटारांत व पायात शिरतात. फायकस प्रजातीतील रबराचे झाड आणि बारीक, लोंबत्या पानांचा फायकस बेंजामिना हे तर कुंडीतून विकले जातात. कुंडीत कंटाळा आला की ते कुंपणाशी लावले जातात आणि दहा-पंधरा वर्षांत भिंतीला तडे जातात. घर व वृक्ष यांत मोठ्या वृक्षांसाठी किमान ८ ते १० मी., मध्यम वृक्षांसाठी ५ ते ६ मी. व लहान वृक्षांसाठी सु. ३ मी. अंतर ठेवणे इष्ट असते. विजेच्या तारांखाली मोठा वृक्ष लावल्यास त्याचा शेंडा दरवर्षी छाटला जाऊन त्याला कायमचे व्यंग येते.

लाकडाच्या मजबुतीकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. जलद वाढणाऱ्या वृक्षांचे लाकूड बहुधा हलके व ठिसूळ असते. गुलमोहर, बूच (मिलिंग्टोनिया हॉर्टेन्सिस), पिचकारी (स्पॅथोडिया कँपॅन्युलाटा) ही याची उदाहरणे होत. गुलमोहराची मुळे उथळ असून बरीचशी जमिनीच्या पृष्ठालगत पसरतात. ती फरशी उचलतात व त्याच्याखाली हिरवळ नीट जगत नाही. शिवाय मे अखेर व जूनच्या प्रारंभी फुले आणि नवी पाने यांचा भार सर्वाधिक असतो व नेमक्या त्याच सुमारास वळवाची वादळे येतात. शहरांत दरवर्षी मोडून पडणाऱ्या झाडांत गुलमोहर वारंवार आढळतो तो यामुळेच. याचा अर्थ तो लावूच नये असा नाही. टेकडीच्या उतारावर, तळ्याच्या काठी किंवा मोठ्या उद्यानाच्या दूरच्या कडेला, जेथे फांदी पडली तरी कोणास इजा होणार नाही, तेथे त्याच्या तोडीचा वृक्ष विरळा. पण शाळेच्या फाटकाजवळ, वाहनतळावर किंवा घरालगत त्याला स्थान नाही.

फळांचाही विचार करावा लागतो. कैलासपतीची (कौरोपिटा गियानेन्सिस) फुले खोडावरच येतात व ती अतिशय सुवासिक असतात. परंतु तोफगोळ्याएवढी जड फळे उंचावरून पडतात व फुटल्यावर त्यांना दुर्गंधी येते. हा वृक्ष पायवाटेपासून दूर, कठड्याच्या आत असावा. पिवळ्या कण्हेरीचे (बिट्टी) सर्व भाग, विशेषतः बिया विषारी असल्याने मुले खेळतात तेथे ती लावू नये. सातवीण (अल्स्टोनिया स्कोलॅरिस) हा देशी, सदाहरित व डौलदार वृक्ष अलीकडच्या दशकांत शहरांत फार लोकप्रिय झाला. त्याच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील फुलांचा वास रात्री इतका उग्र होतो की, शयनगृहाच्या खिडकीशी असलेला वृक्ष कित्येकांना असह्य वाटतो.

‘अशोक’ या नावाबाबतचा गोंधळ येथे सांगणे आवश्यक आहे. रोपवाटिकांत या नावाने बहुधा जे रोप मिळते, तो आसुपालव किंवा खोटा अशोक (मोनून लाँगिफोलियम, पूर्वीचे नाव पॉलिअल्थिया लाँगिफोलिया) होय. त्याचा लोंबत्या फांद्यांचा, खांबासारखा सरळ वाढणारा प्रकार कुंपणालगत आडोशासाठी उपयोगी आहे; त्याची सावली मात्र नाममात्र पडते. काव्यातील अशोक तो नव्हे. खरा किंवा सीतेचा अशोक (सराका असोका) लहान ते मध्यम आकाराचा असून त्याची नारिंगी फुले पुढे लाल होतात व ती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जुन्या फांद्यांवर झुबक्यांनी येतात. कोवळी पाने तांबूस व लोंबती असतात. त्याला अर्धवट सावली, दमट हवा व नियमित पाणी लागते. सालीच्या औषधी उपयोगामुळे झालेल्या तोडीने तो वन्य अवस्थेत दुर्मिळ होत चालला आहे. पाण्याची सोय असलेल्या बागेत मोठ्या वृक्षांच्या आश्रयाला त्याची लागवड अवश्य करावी.

जमीन व हवामान : महाराष्ट्राच्या एका भागात उत्तम ठरलेला वृक्ष दुसऱ्या भागात निराशा करतो. कोकणात पाऊस भरपूर असला, तरी जांभ्यावर मातीचा थर पातळ असतो व किनाऱ्यालगत खारे वारे वाहतात. तेथे उंडी (कॅलोफायलम इनोफायलम), भेंड (थेस्पेसिया पॉप्युल्निया), करंज व पांगारा हे वृक्ष खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाहीत. उंडीची जाड, चकचकीत पाने व पांढरी सुवासिक फुले पाहता ती किनाऱ्यावरील बागांत अधिक दिसावयास हवी होती. देशावरील खोल काळी जमीन पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. अशा जमिनीत पळस (ब्यूटिया मोनोस्पर्मा) व कडुनिंब टिकतात, तर बहाव्याला निचऱ्याची, मुरमाड जमीन मानवते. ताम्हण (लॅजर्स्ट्रोमिया स्पेसिओजा) हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प असल्याने सर्वत्र लावले जाते. पण मुळात तो कोकणातील ओढ्याकाठचा वृक्ष आहे. पुरेशा पाण्याशिवाय अवर्षणग्रस्त भागात तो खुरटा राहतो व त्याचा जांभळा बहर विरळ येतो. याउलट दक्षिण अमेरिकेतील नीलमोहर (जॅकरांडा मिमोसिफोलिया) पठारावरील कोरड्या, किंचित थंड हवेत खुलतो. बंगळूर व पुणे येथे तो निळ्याजांभळ्या फुलांनी भरून जातो. मुंबईच्या दमट हवेत त्याला क्वचितच चांगला बहर येतो. शेजारच्या जुन्या बागांत व परिसरातील टेकड्यांवर कोणते वृक्ष आपोआप सुस्थितीत आहेत हे पाहणे, हा जमिनीच्या परीक्षणाइतकाच विश्वसनीय मार्ग आहे.

बहराचा क्रम : वर्षभर कोठला ना कोठला वृक्ष फुललेला असावा, अशा रीतीने लागवडीची योजना करण्याची कल्पना भारतात प्रथम मोठ्या प्रमाणावर बंगळूरमध्ये राबविली गेली. लालबाग उद्यानाचे अधीक्षक असलेले जर्मन उद्यानतज्ञ गुस्टाव्ह हेर्मान क्रुंबिगल (१८६५–१९५६) यांनी वेगवेगळ्या ऋतूंत फुलणाऱ्या वृक्षांची त्या शहराच्या रस्त्यांवर क्रमाने लागवड केली. महाराष्ट्रात बहुतेक वृक्षांचा बहर फेब्रुवारी ते मे या काळात एकवटलेला असल्याने योजना करताना उरलेल्या आठ महिन्यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

जानेवारीच्या अखेरीपासून सावरीची मोठी लाल फुले दिसू लागतात. पाठोपाठ पांगारा व पळस निष्पर्ण फांद्यांवर फुलतात आणि साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी त्यांतील मधुरसासाठी गर्दी करतात. कांचनाच्या दोन जातींपैकी बौहिनिया व्हेरिएगाटा ही याच सुमारास फुलते. सह्याद्रीच्या उतारांवरील वारस (हेटेरोफ्रॅग्मा क्वाड्रिलोक्युलेर) याची पांढरी, सुवासिक फुले मार्चमध्ये येतात. हा वृक्ष बागांत जवळजवळ कोणीच लावत नाही, ही उपेक्षा अनाकलनीय आहे. एप्रिल-मे हा बहावा (कॅसिया फिस्च्युला), ताम्हण, गुलमोहर, नीलमोहर व सोनमोहर (पेल्टोफोरम टेरोकार्पम) यांचा काळ होय. बहाव्याचे ३० ते ५० सेंमी. लांब पिवळे घोस भर उन्हात सर्वांत मोहक दिसतात. तो सु. १० मी. उंच, आटोपशीर आकाराचा व काटक असल्याने मध्यम बागेसाठी एकच फुलझाड निवडावयाचे झाल्यास त्याला पहिली पसंती द्यावी. पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या त्याची कोवळी पाने खातात, पण त्याने वृक्षाचे कायमचे नुकसान होत नाही. पावसाळ्यात कदंबाचे केशरी चेंडू व सोनचाफ्याचा सुगंध असतो. बकुळीचा सडाही उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत अधूनमधून पडत राहतो. पारिजातक पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलू लागतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये दुसरा कांचन (बौहिनिया पर्पुरिया) गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बुचाची लांब नळीची पांढरी फुले रात्री उमलून सकाळी जमिनीवर अंथरलेली दिसतात. बुचाला मुळांपासून अनेक फुटवे येतात, हे ध्यानात ठेवून त्याची जागा ठरवावी.

देशी व परदेशी वृक्ष : परदेशी वृक्ष सर्वस्वी त्याज्य, अशी भूमिका अलीकडे घेतली जाते, ती टोकाची आहे. देवळांच्या प्रांगणात शोभणारा पांढरा चाफा मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे आणि त्याला कोणी परका म्हणत नाही. मात्र देशी वृक्षांच्या बाजूने दोन भक्कम कारणे आहेत : स्थानिक पर्जन्यमानाशी त्यांचे जुळलेले जीवनचक्र आणि त्यांच्यावर उपजीविका करणारे कीटक व पक्षी. परदेशी वृक्षांबाबत खरा आक्षेप आहे तो झटपट हिरवाईच्या हव्यासापोटी एकाच जातीच्या सरसकट लागवडीला. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया सेपियम) हा मध्य अमेरिकेतील वृक्ष फांदी खोचली तरी जगतो, म्हणून महाराष्ट्रातील अनेक टेकड्यांवर लावला गेला. उन्हाळ्याच्या तोंडाला तो बोडका असतो व त्याच्या दाटीत इतर वनस्पतींना वाव राहत नाही. कोनोकार्पस हे हिरव्या भिंतीसारखे झटकन वाढणारे झाड गृहप्रकल्पांच्या कडेने लावण्याची लाट आली होती. मुळांचा व परागकणांचा उपद्रव ध्यानी घेऊन गुजरात राज्याने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. एकाच जातीवर विसंबण्याचा धोका मुंबईत दिसून आला. तेथील रस्त्यांवरचे अनेक जुने पर्जन्यवृक्ष २०१० नंतरच्या दशकात पिठ्या ढेकणांच्या प्रादुर्भावाने वाळले. बुंध्याभोवती घातलेल्या काँक्रीटमुळे ते आधीच दुर्बल झाले होते. मिश्र लागवडीत एखादी जात गेली, तरी संपूर्ण रस्ता ओका होत नाही.

लहान आवारातील निवड : सु. ५ गुंठ्यांच्या (सु. ५०० चौ. मी.) भूखंडावर एक-तृतीयांश भाग घराने व्यापला असेल, तर उरलेल्या जागेत दोन मध्यम व दोन-तीन लहान वृक्ष पुरेसे होतात. पश्चिमेस बकुळ किंवा करंज, पूर्वेस अथवा दर्शनी बाजूस बहावा, आणि कोपऱ्यांत पारिजातक, कुंती, पांढरा चाफा किंवा कांचन यांपैकी काही, ही मांडणी बहुतेक ठिकाणी साधते. बकुळ सावकाश वाढते व प्रथम दहा वर्षे तिच्याकडून फारशी अपेक्षा करता येत नाही. या कारणाने ती टाळली जाते. तोवरच्या सावलीसाठी तिच्या पुढे शेवग्यासारखे जलद वाढणारे झाड तात्पुरते लावावे. मात्र नागरी भागात ते पुढे काढण्यासही परवानगी लागू शकते, म्हणून त्याऐवजी मांडवावर वेल चढविणे अधिक सोयीचे. भूखंड याहून लहान असेल, तर एकच मध्यम वृक्ष लावून बाकी झुडपे ठेवावीत. घरापासून पुरेसे अंतर मिळत नसेल, तेथे मोठा वृक्ष न लावणे हीच योग्य निवड होय.

लागवड व निगा : खड्डे एप्रिल-मेमध्ये १ मी. लांब, रुंद व खोल खणून उन्हात तापू द्यावेत. पावसाच्या आधी ते चांगली माती व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने भरावेत. काळ्या जमिनीत तळाशी मुरूम व दगडगोटे घातल्याने निचरा सुधारतो. पहिला दमदार पाऊस झाल्यावर जून-जुलैमध्ये रोपे लावतात. १ ते १.५ मी. उंचीचे, सरळ शेंड्याचे व निरोगी रोप तीन-चार मीटर उंचीच्या पिशवीतील रोपापेक्षा चांगले. मोठी रोपे लगेच बाग भरल्याचे समाधान देतात. परंतु पिशवीत दीर्घकाळ राहिलेल्या रोपांची मुळे वर्तुळाकार गुंडाळलेली असतात व जमिनीत लावल्यावरही ती तशीच वाढतात. अशी झाडे काही वर्षे ठीक दिसून पुढे वादळात मुळांसकट कोलमडतात. म्हणून रोप लावताना पिशवी पूर्णपणे काढून गुंडाळलेली मुळे मोकळी करावीत किंवा कापावीत.

पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी देणे हे रोज थोडेथोडे देण्यापेक्षा हितावह असते, कारण त्यामुळे मुळे खोल जातात. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. बुंध्याभोवती किमान १ मी. त्रिज्येची जागा मोकळी राहावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील वृक्षांबाबत असाच आदेश दिला होता. खालच्या फांद्या एकदम न छाटता दरवर्षी थोड्याथोड्या काढाव्यात. रोपाला दिलेला काठीचा आधार दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सोडवावा, कारण वाऱ्याने डोलण्यानेच खोड जाड व बळकट होते. संरक्षणासाठी लावलेली लोखंडी जाळी वा तार खोडाला टेकू लागताच काढून टाकावी. ती तशीच राहिल्यास सालीत रुतते, अन्नरसाचा खाली जाणारा प्रवाह अडतो आणि दहा-बारा वर्षे वाढविलेला वृक्ष त्या जागी मोडतो.